वाडीवरचं इंग्रजी

"लेख द्या, पण कडू नको हो बाई, सणाचे दिवस आहेत," असं या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, आपल्याकडे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तुळशीपाशी कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. माझा लेख त्या कारिटाच्या जागी छापा. ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. गावात म्हणतात, बाईंनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. खरं सांगायचं तर मी आयुष्यभर आयएनजी शिकवलं. पाचवीत शिकवलं, आठवीत परत शिकवलं, दहावीची परीक्षा तोंडावर आली की पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. शेक्सपिअर वगैरे मंडळी माझ्या वाट्याला कधी आली नाहीत. माझ्या वाट्याला आलं ईटिंग, प्लेइंग, रायटिंग.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काम आत्ता चालू आहे असं सांगायचं असलं की क्रियापदाला मागून आयएनजी जोडायचं. ऐकायला सोपं आहे, लिहायला बसलं की घाम फुटतो. मेकच्या शेवटी एक मुकी ई असते. ती बोलत नाही, नुसती बसलेली असते. घरात जशी एखादी गरीब विधवा आत्या असते आणि पाहुणा आला की पहिलं तिलाच पाटावरून उठवतात, तशी आयएनजी आलं की ही ई उठते. मेकिंगमध्ये ती नाही, रायटिंगमध्ये नाही, कमिंगमध्ये नाही. कटसारखं आटोपशीर क्रियापद असलं की शेवटचं अक्षर जोडीनं येतं, कटिंगला दोन टी, स्विमिंगला दोन एम. स्वीपिंगला मात्र एकच पी, कारण तिथे आधीच दोन ई ठाण मांडून बसल्यात. टाय म्हणजे बांधणं, त्याचं टाइंग करताना आय आणि ई दोघं जातात आणि वाय येतो. का, असं पोरं विचारत. मी म्हणायची, साहेबाला विचारा. साहेब तर केव्हाच गेला होता.

प्रशिक्षणाला आम्हाला अलिबागला बोलवत. एका वर्षी सांगत, स्पेलिंग चुकलं तरी चालेल, मुलं बोलती झाली पाहिजेत. दोन पावसाळे गेले की दुसरे तज्ज्ञ येत आणि सांगत, बोलणं राहू द्या, लेखी कच्चं आहे. मध्ये एकदा नियम शिकवायचेच नाहीत अशी टूम निघाली. आम्ही मान डोलवायचो, वडापाव खायचो आणि परत येऊन मुक्या ईला पाटावरून उठवायचो.

आमच्या शाळेत निम्मी मुलं नारळाच्या वाडीवाल्यांची आणि निम्मी कोळीवाड्यातली. पुस्तकातला पहिलाच प्रश्न असे, व्हेअर आर यू गोइंग? मी तो वर्गाकडून घोकून घेतला आणि घरी जाऊन सराव करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेत आली, मासळीची पाटी तशीच डोक्यावर. तिचा लेक होडीवर निघाला होता. नातू दारात उभा राहून बापाला म्हणाला, व्हेअर आर यू गोइंग? आजीने अर्थ विचारला, पोराने मोठ्या ऐटीत सांगितला. आता दर्यावर निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं कोणी विचारत नाही, एवढं इथलं शेंबडं पोरही जाणतं. बापाने पाठीवरचं जाळं खाली ठेवलं आणि तो दिवस घरी बसून काढला.

"आजी, त्याने इंग्रजीत विचारलं हो," मी म्हटलं.

"इंग्रजीत इचारला म्हनून काय दर्याला कलत न्हाय?" आजी म्हणाली.

यावर कोणत्याही प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न फळ्यावरून पुसला आणि त्या जागी लिहिलं, व्हेन आर यू कमिंग? कोळीवाड्यातली पोरं तोच शिकली, आणि तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने ‘पुस्तकाबाहेरचं शिकवतात’ असा शेरा मारला.

असो. निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. ‘बाई म्हणजे शाळेचा आधारस्तंभ’ असं जे म्हणाले त्यांची स्वतःची मुलं तोवर अलिबागच्या इंग्रजी शाळेत जात होती. पुढे आमच्या शाळेची एकेक तुकडी बंद पडत गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहायचं आहे ते निवृत्तीनंतरच्या वर्गाबद्दल, आणि त्यातल्या वामनभाऊंबद्दल.

तो वर्ग मी काढला नाही, तो माझ्याकडे चालत आला. किहीमपासून खाली पार अलिबागपर्यंत समुद्राच्या अंगाला ज्या नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या त्या बऱ्याचशा मुंबईच्या लोकांनी घेतल्या आणि तिथे बंगले झाले. मालक रो-रो बोटीने मोटारीसकट शनिवारी येतो, रविवारी परत जातो. बाकीचे दिवस तिथे केअरटेकर राहतो. केअरटेकर म्हणजे राखणदार, माळी, झाडूवाला आणि विजेचं बिल भरणारा, सगळं एकाच माणसात. मालक मुंबईतून फोन करतो आणि एकच विचारतो, तिकडे काय चाललंय? मालकांना मराठी येत नाही, यांचं हिंदी त्यांना झेपत नाही. तेव्हा इंग्रजी. एक दिवस एक जोडपं माझ्या ओटीवर येऊन बसलं. बाई, फक्त काय चाललंय ते सांगण्यापुरतं शिकवा. म्हणजे काय, तर आयएनजी. मी म्हटलं, या, दुसरं मला येतं तरी काय!

मग आणखी आले. दुपारची जेवणं झाली की वर्ग. शनिवारी-रविवारी सुट्टी, कारण मालक येतात. शाळेला निदान पोरांच्या सणाची सुट्टी असायची.

नमुनेदार मंडळी होती. एका स्वयंपाकीण बाईंनी पहिल्याच आठवड्यात मालकिणीला कळवलं, डॉग इज बार्किंग, मँगो इज फॉलिंग, करंट इज गोइंग, आय अ‍ॅम क्राइंग. रडत का होत्या, तर कांदा चिरत होत्या. मालकीण घाबरून मुंबईहून निघायच्या बेतात होती. दुसरा एक महाबिलंदर गडी होता. तो एकच वाक्य शिकला, नथिंग हॅपनिंग सर, आणि उठून गेला. मी म्हटलं, अरे पुढचं शीक. म्हणाला, "बाई, माझा काम झाला." तो अजून त्याच बंगल्यावर आहे, आणि मालक त्याच्यावर फार खूश आहेत.

वामनभाऊ तसे नव्हते. साठी उलटलेला माणूस, उंच, पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली, कारण उभं आयुष्य अनवाणी वाडीच्या चिखलात गेलेलं. ते ज्या बंगल्यावर केअरटेकर होते ती वाडी त्यांच्याच घराण्याची. आजोबांनी लावलेली, बापाने शिंपलेली. पुढे सात-बारावर इतकी नावं चढली की भाऊबंदांचं पटेना. कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, सगळ्यांना विकायची होती. भाऊ एकटे किती धरून ठेवणार? विकताना त्यांनी एवढंच मागून घेतलं, की मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको राहू, वाडीची राखण मी करीन. मालक आनंदाने हो म्हणाले. झाडं ओळखणारा माणूस त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होता? पण हे सगळं तोंडी. भाऊंना दुसरं घर नव्हतं. एक लेक होती, ती तळा गावी दिलेली. त्या खोल्या गेल्या तर जावयाच्या दारात जाऊन राहायचं, एवढाच मार्ग. ती धास्ती वहिनींच्या, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, बोलण्यात कायम असे.

मालकांनी भाऊंना मोबाइल दिला होता आणि त्यावर एक ग्रुप केला होता. त्यात मालक, मालकीण, मालकाचा भाऊ आणि त्यांच्या ऑफिसातला हिशेबनीस. रोज संध्याकाळी भाऊंनी त्यावर इंग्रजीत लिहायचं, वाडीत काय चाललंय ते. म्हणून ते माझ्याकडे आले.

असा विद्यार्थी मला शाळेतही मिळाला नाही. दुसऱ्यांना ‘वॉटरिंग’ पुरे व्हायचं. भाऊंना आळी करणं, शिंपणं, पाटाचं पाणी फिरवणं, या सगळ्यांना वेगवेगळे शब्द हवे असत. "बाई, आळ्यात पाणी घालणा आणि पाट फिरवणा एकच कसा?" मी शब्दकोश काढून बसायची. इंग्रजीत नसलं तर ते खट्टू व्हायचे, आपल्याच घरात काही कमी असल्यासारखे.

एकदा त्यांनी वहीत लिहून आणलं, धिस गार्डन वॉज बिलाँगिंग टू माय फादर. मी लाल शाईने आयएनजी काढलं. सांगितलं की ओन, बिलाँग, यांना आयएनजी लावत नाहीत.

"का वो?"

"जे काम चालू असतं त्याला लागतं, भाऊ. मालकी हे काम नव्हे, ती नुसती असते."

भाऊ वहीकडे बघून हसले. "म्हंजे राबणाऱ्याला आयएनजी, मालकाला न्हाय." इतक्या वर्षांत व्याकरण इतकं नीट समजलेला तोच एक, असं मी त्यांना म्हटलं. आम्ही दोघंही हसलो.

त्यांचे रोजचे मेसेज मी पाहिले आहेत. आय अ‍ॅम स्वीपिंग द रोड. आय अ‍ॅम टाइंग द क्रीपर. वन बल्ब इज नॉट वर्किंग. मालकांकडून अंगठा येई. पिवळा अंगठा, बस. पोफळी तोडून जिथे पोहण्याचा तलाव केला होता त्याच्या कडेला बसून भाऊ हे टाइप करत. आपण वाडीची खबर मालकाला देतो, मालक मुंबईत बसून ती वाचतो, म्हणजे त्याचंही वाडीवर मन बसत चाललंय, असा त्यांचा समज. मी तो मोडला नाही.

आता नारळ पाडण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलं. आमच्याकडे वाडीतले नारळ पाडले की लगेच मोजत नाहीत. आधी देण्याचे बाजूला काढायचे. गावदेवीचे पहिले. मग जो गडी जीव मुठीत धरून झाडावर चढला त्याचे. मग ज्या शेजाऱ्याच्या जमिनीतून पाट येतो त्याचे. गावात कोणाकडे बाळंतीण असली तर तिच्या घरी, कोणाकडे कार्य असलं तर तिथे. एवढं झाल्यावर जे उरतं ते वाडीचं उत्पन्न, आणि मोजणी तिथून सुरू. देण्याचे नारळ कोणी मोजत नाही, मोजले तर ते दान उरत नाही, अशी समजूत आहे. भाऊंच्या आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं, भाऊंनी स्वतः मालक असताना केलं. वाडी विकली म्हणून ही रीत विकली, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. गावातही कोणाच्या शिवलं नाही. देवीचा नारळ त्याच वाडीतून येत राहिला.

त्या दिवशी पाडणी झाली आणि भाऊ दुपारी मोबाइल घेऊन वर्गाला आले. म्हणाले, आज मोठा मेसेज लिवलाय, पाठवायच्या आधी नजर टाका. मी वाचला. टुडे वी आर प्लकिंग कोकोनट्स. आय अ‍ॅम गिव्हिंग टू टेंपल. आय अ‍ॅम गिव्हिंग टू क्लाइंबर. आय अ‍ॅम गिव्हिंग टू नेबर फॉर वॉटर. आय अ‍ॅम गिव्हिंग टू वन न्यू मदर. बॅलन्स आय अ‍ॅम काउंटिंग. आयएनजीची एकही चूक नव्हती. गिव्हिंगमधली ई प्रत्येक वेळी बरोबर उठली होती. मी म्हटलं, शाब्बास भाऊ, पाठवा. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. वावगं होतंच काय?

त्या दिवशी अंगठा आला नाही. दोन शब्द आले, सिन्स व्हेन?

दुसऱ्या दिवशी भाऊ वर्गाच्या वेळेआधीच हजर. चेहरा फुललेला. "बाई, मालकांनी विचारला कधीपासून! वाडी घेतल्यापास्ना पहिल्यांदा त्यांनी काय तरी विचारला. आज्यापास्ना देतो ह्या कसा लिवायचा, ते शिकवा."

पूर्वी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं, याला इंग्रजीत हॅव बीन लावून आयएनजी येतं. दहावीतल्या पोरांना ते वर्षभर जमत नाही. भाऊंनी अर्ध्या तासात उतरवलं, वी हॅव बीन गिव्हिंग सिन्स माय ग्रँडफादर्स टाइम. पाठवण्याआधी त्यांनी ते मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

ग्रुपवर मग काहीच आलं नाही. शनिवारी मालक आले आणि त्यांच्यासोबत एक निळ्या गणवेशातला माणूस, कुठल्याशा सुरक्षा एजन्सीचा सुपरवायझर. त्याने वाडीभर फिरून फोटो काढले. भाऊंना हिंदीत सांगितलं की महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, एजन्सीची माणसं येणार. भाऊंना वाटलं, त्याची काही तरी गफलत होतेय. ते मालकांपाशी गेले, तर मालक म्हणाले, तुम्हीच तर लिहून दिलंत.

भाऊ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "बाई, मी काय चुकीचा लिवला काय?" ते विचारत होते. त्यांना वाटत होतं, इंग्रजी चुकलं.

रविवारी सकाळी मी बंगल्यावर गेले. मालक चाळिशीचे, अतिशय सभ्य. मला मॅम म्हणाले, स्वतः कॉफी आणून दिली. ते उर्मट असते तर मला सोपं गेलं असतं. बोलणं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, पण त्या दिवशी एका जागीही अडलं नाही. मी त्यांना सगळी रीत समजावून सांगितली. देवी, गडी, पाट, बाळंतीण.

"मॅम, प्रश्न नारळांचा नाही," ते म्हणाले. "विश्वासाचा आहे."

"त्यांनी स्वतःहून तुम्हाला सांगितलं. याहून आणखी विश्वास कसला?"

"आत्ता सांगितलं. इतकी वर्षं नाही सांगितलं."

"इतकी वर्षं त्यांना इंग्रजी येत नव्हतं," मी म्हटलं.

मालक हसले. त्यांना वाटलं मी कोटी केली. मालकीणबाई म्हणाल्या, देवळाला आम्ही जरूर देऊ, पण ते रीतसर असावं, पावती वगैरे. देवीची पावती कोण फाडणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, कारण त्या दोन खोल्या माझ्या नजरेसमोर होत्या. मी जवळजवळ हात जोडले. म्हटलं, या वयात ते दोघं कुठे जातील?

मालक म्हणाले, आम्हाला कोणाचं वाईट करायचं नाही. त्यांनी राहावं. फक्त ग्रुपवर एक मेसेज टाकावा, म्हणजे रेकॉर्ड राहील, एजन्सीलाही तसं लागतं. त्यांनी तिथेच तो स्वतः टाइप केला, भाऊंच्या मोबाइलवर पाठवला आणि मला वाचून दाखवला. मराठीत त्याचा अर्थ असा: मी या मालमत्तेतून नारळ परवानगीशिवाय घेत होतो आणि बाहेर देत होतो. हे चुकीचं होतं. मी माफी मागतो आणि पुन्हा असं करणार नाही. टेकिंग, गिव्हिंग, सगळं त्यात होतं. मालकांचं व्याकरण चोख आहे.

"तुम्ही त्यांना जरा समजावून सांगा, मॅम. तुमचं ऐकतात ते," मालकीणबाई म्हणाल्या.

मी घरी आले आणि दुसरा मसुदा केला. गावच्या रिवाजाप्रमाणे नारळ देत आलो, आपल्याला विचारायचं राहून गेलं, यापुढे आपल्या परवानगीने देऊ. इतका नम्र मजकूर मी माझ्या शिक्षणाधिकाऱ्यालाही कधी लिहिला नव्हता. मालकांना पाठवला. उत्तर आलं, कृपया आमचा मजकूर आहे तसाच वापरावा. पुढे हात जोडल्याचं चित्र होतं.

सोमवारी दुपारी मी भाऊंच्या खोल्यांवर गेले. वहिनी दारात झाडूसाठी नारळाच्या झावळीचे हीर काढत बसल्या होत्या. भाऊ आतल्या पायरीवर, मोबाइल मांडीवर. मेसेज उघडाच होता. मी येताना ठरवलं होतं की अर्थ जरा मऊ करून सांगायचा. परवानगीशिवाय म्हणजे न विचारता, इतकंच. माफी म्हणजे सॉरी, ते तर हल्ली पोरंटोरंही उठता-बसता म्हणतात.

"विदाऊट परमिशन म्हंजे न विचारता," भाऊच आधी म्हणाले. "टेकिंग म्हंजे घेत व्हतो. घेत व्हतो, बाई? मी तर देत व्हतो."

"दोन्ही आहे त्यात, भाऊ."

"न विचारता दुसऱ्याचा घेतो त्याला काय म्हंतात?"

मऊ करायचे सगळे शब्द माझ्याकडे तयार होते, पण ज्या माणसाने ओन आणि बिलाँगचा फरक एका दुपारीत ओळखला त्याच्यापुढे ते बाहेर पडेनात.

"ह्या पाठवला की माझा नाव चोर म्हणून लागतं. बरोबर ना?"

"लागतं," मी म्हटलं.

वहिनींनी हातातला कोयता खाली ठेवला. "मग लागू दे की," त्या म्हणाल्या. "टाका तो मेसेज आणि मोकळे व्हा. नाव लागला तर इंग्रजीतच लागतं ना? ह्या गावात कोण वाचतंय इंग्रजी? देवीला येते काय? शेजाऱ्याला येते? कोणाला कळणार हाय? जावयाच्या दारात जाऊन राहायचा त्यापेक्षा चार शब्द पाठवलेले काय वाईट?"

खरं होतं. त्या दुपारी तिथे बोललेल्यांत सगळ्यात शहाणं त्याच बोलल्या. ग्रुपवरच्या चार माणसांपैकी एकही आयुष्यात कधी गावदेवीच्या पाराशी येणार नव्हता. अंगठा एकदा दाबायचा, की खोल्या राहत होत्या, विहीर राहत होती, बापाने शिंपलेली झाडं डोळ्यासमोर राहत होती. मीही म्हटलं, "भाऊ, वहिनींचं ऐका. कोणी वाचणार नाही."

भाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. ओठ हलत होते. एकेक शब्द लावून वाचत होते, मी शिकवलं होतं तसं, बोट खाली ठेवून.

"मी वाचतो ना आता," ते म्हणाले.

मग ते उठले, मोबाइल सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि बंगल्याच्या पडवीतल्या टेबलावर नेऊन ठेवला. चार्जरही शेजारी ठेवला, वायर नीट गुंडाळून. परत येताना वाटेत एक झावळी पडली होती ती उचलून कडेला टाकली.

वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे यायच्या आधी त्यांना एक अक्षर येत नव्हता," त्या म्हणाल्या. "कशाला शिकवलात, बाई?"

मला वाटलं त्या उत्तराची वाट बघतील. त्यांनी पाहिली नाही. आत गेल्या आणि फळीवरची भांडी एकेक करून पोत्यात भरायला लागल्या.